कालवडीनं खाल्लेली भेटकार्डं

त्या वर्षी आमच्या गावात कुणी कुणाला मारलं नाही असा एक दिवस गेला नाही. पाऊस सलग दुसऱ्या साली दगा देऊन गेला होता आणि माणसांची डोकी तापलेली होती. टँकर आला की बाया घागरी घेऊन पळायच्या, आणि त्याच घागरी मग एकमेकींच्या डोक्यात बसायच्या. मी एकीचा पुढचा दात पाडला होता. तिनं आधी माझी वेणी धरली होती, त्यामुळं मला त्याचं आजही फार वाईट वाटत नाही.

माझा हात मुळातच जड. माहेरी आई म्हणायची, हिला भाकरी थापायला बसवलं तर परात फुटंल. सासर मिळालं तेही तसंच. नांदूरघाटच्या बाजाराला चालत जाता येईल इतक्या अंतरावरचं गाव, घरात सासू, सासरे, मालक आणि माझी नणंद. सासऱ्यांनी सासूला मारायचं, मालकांनी मला मारायचं, ही घरातली रीत. एकदा मालकांनी मला उलथनं फेकून मारलं, ते मी उचलून तसंच त्यांच्याकडं परत फेकलं. त्यांच्या भुवईवर खूण राहिली. त्यानंतर ते मला मारण्याआधी हाताशी काय काय आहे ते बघून घ्यायचे.

नणंद चौदा वर्षांची होती. घरात एकटी तीच अशी, की जिनं कधी कुणावर हात उचलला नाही. मी तिला लई जीव लावत होते. माझ्या लग्नात ती एवढीशी होती, माझ्या पदराला धरून झोपायची. मला तोवर मूल नव्हतं. त्यामुळं तीच माझं लेकरू, असं मी सगळ्या गावाला सांगत फिरायचे.

आणि त्या लेकराच्या लग्नाचं घरात घाटत होतं. आमच्याकडं ऊसतोडीला नवरा-बायकोची जोडी लागते, त्या जोडीलाच कोयता म्हणतात. एकटा गडी म्हणजे अर्धा कोयता, त्याला मुकादम दारात उभा करत नाही. म्हणून हंगामाच्या तोंडावर घाईघाईनं लग्नं उरकतात, आज हळद आणि आठवड्यात तोडीच्या गाडीत. पाटोद्याकडचं एक स्थळ आलं होतं. पोरगा भावापासून वेगळा निघालेला, त्याला जोडी पाहिजे होती. बघायला आलेल्या त्याच्या आईनं पोरीला स्वयंपाक येतो का, वाचता येतं का, काही विचारलं नाही. उसाची मोळी डोक्यावर उचलंल का, एवढंच विचारलं.

मी तीन हंगाम तोडीला जाऊन आले होते. पहाटे थंडीत उसाच्या पाचटात हात घातला की काय होतं, फडावरच्या कोपीत, त्या पाचटाच्या खोपटात, रात्री बाईच्या जातीला कसं झोपावं लागतं, सगळं मला माहीत होतं. ह्या पोरीला मी गाडीत बसू देणार नाही, असं मी मनात घेतलं. पण सुनेच्या मनात घेण्याला कोण विचारतो?

नेमकी त्याच सुमारास कार्डं आली.

गावच्या सोसायटीचं गोदाम रिकामं पडलं होतं. पेरणीच नाही, मग खत आणि बियाणं कशाला येतंय? तिथं आम्हा सात बायांची औद्योगिक सहकारी संस्था निघाली. पापड करायचे तर पाणी लागतं, शिवण करायचं तर मशीन लागतं. कागदाला दोन्ही लागत नाही, असं बीडहून शिकवायला आलेली बाई म्हणाली. ती पंधरा दिवस राहिली आणि तिनं आम्हाला दिवाळीची भेटकार्डं करायला शिकवली, ठशानं छापलेली आणि टेबलावर आपली आपण उभी राहणारी.

उभं राहण्यातच सगळी करामत होती. चिंध्यांपासून केलेला जाड, खरबरीत कागद असायचा. तो मधोमध दुमडायचा, मग पुढच्या बाजूला पुन्हा निम्म्यात उलट घडी घालायची. त्या निम्म्या भागावर छापलेला दुसरा कागद डकवायचा आणि आत तळाच्या कागदावर पुठ्ठ्याची एक जाड पट्टी चिकटवायची. पुढच्या कागदाची खालची कड त्या पट्टीला अडली, की कार्ड फोटोच्या चौकटीसारखं तिरकं उभं राहायचं. पट्टी गव्हाभर इकडं-तिकडं झाली की आडवं पडायचं. शिकवणारी बाई म्हणायची, साहेबाच्या टेबलावर पंखा असतो, वाऱ्यानं पडता कामा नये. गोदामात वीज नव्हती. मग आम्ही कार्ड फळीवर उभं करून सुपानं वारा घालायचो. पडलं की ज्या बाईनं केलं तिला बाकीच्या सहाजणी खिजवून हैराण करायच्या.

ठसे माझी नणंद कोरायची. झिजलेल्या चपलेचं रबर लाकडी ठोकळ्यावर चिकटवून, चपला शिवणाऱ्याकडून मागून आणलेल्या रापीनं ती त्यात पणती काढायची, ज्वारीचं कणीस काढायची, बैलाचं तोंड काढायची. पोरीला ही विद्या कुणी शिकवली नव्हती. शिकवणारी बाई तिच्या हाताकडं बघतच राहायची. छापायचं काम माझ्याकडं होतं. कागद खरबरीत, नुसता ठसा टेकवून शाई नीट बसायची नाही, वरून लाकडी मोगरीचा एक ठोका घालावा लागायचा. बाकीच्यांनी घातला की कुठं फिका, कुठं गडद. मी घातला की पणतीची वातसुद्धा स्वच्छ उमटायची. जड हाताचं आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी कौतुक केलं. ठोका घालताना कधी मालक आठवायचे, कधी सासू, कधी टँकरवरची ती दात पाडलेली. ज्या दिवशी घरात मार खाऊन यायचे त्या दिवशी माझी कार्डं सगळ्यांत सुरेख व्हायची.

डिंक वापरून बघितला, पण बाभळीच्या डिंकानं कागद पिवळा पडतो. मग ज्वारीच्या पिठाची खळ शिजवायची ठरली. त्यात चिमूटभर मोरचूद घालायचं, म्हणजे उंदीर आणि कसर कार्डाला लागत नाही. मोरचूद म्हणजे ते निळं विष. शिकवणारी बाई जाताना तीनतीनदा सांगून गेली, मोरचूद घातल्याशिवाय खळ लावायची नाही. खळ शिजवायचं काम नणंदेकडं होतं, कारण तिची खळ कधी गुठळी धरायची नाही.

आणि मग ऑर्डर आली. एका साखर कारखान्याला दिवाळीसाठी कार्डं हवी होती, संचालकांना आणि मोठ्या सभासदांना पाठवायला. दसऱ्याच्या आत द्यायची. पसंत पडली तर वर्षभराचं काम आमच्याकडं, लग्नपत्रिका धरून. मी त्या दिवशी सासऱ्यांसमोर उभी राहिले. सुनेनं सासऱ्यासमोर असं उभं राहायचं नसतं. मी म्हणाले, "मामा, ठसे हिच्याबिगर कुणाला येत न्हाईत. ऑर्डर पसंत पडली तर हिला घरी ठिवा. लगीन पुढल्या साली बघू."

मालकांनी तिथंच मला कानाखाली दिली. सासरे मात्र विचार करत बसले. ते म्हणाले, "पसंत पडली तर पाटोद्याला न्हाई म्हणून कळवतो. न्हाई पडली तर दसऱ्याला हळद. मंग तू तोंड उघडायचं न्हाई."

एवढं कबूल झालं आणि मी कामाला लागले. मी दिवस दिवस मोगरी सोडत नव्हते. खांदा सुजला तर डाव्या हातानं ठोकायचे. बायांना शिव्या घालायचे, कुणाचं कार्ड पडलं तर ते तिच्या अंगावर फेकायचे. एकीला मी ढकलून दिलं, तिचं कोपर फुटलं. चेअरमनबाई, म्हणजे आमच्या संस्थेच्या अध्यक्षा, म्हणाल्या, "अगं बाई, शुभेच्छाच करतोय नं आपण?" सगळ्या हसल्या. मला हसू आलं नाही. एकेक कार्ड फळीवर उभं राहिलं की मला वाटायचं, पोरगी गाडीपासून एक पाऊल लांब गेली.

आमची मोठी जनावरं चाराछावणीत होती. एक कालवड तेवढी घरी राहिली होती, छावणीत तिला जागा मिळाली नव्हती. तिची हाडं मोजून घ्यावीत अशी गत. दोरी चघळायची, गोणपाट चघळायची, एकदा मालकांचा सदरा निम्मा खाल्ला. नणंद तिच्यापाशी बसून राहायची आणि तिच्या मानेवरून हात फिरवायची. मी म्हणायचे, तिच्यावर जीव लावू नको, ती काही उन्हाळा बघत न्हाई.

द्यायला दोन दिवस उरले होते. दुपारची वेळ, कार्डं जवळजवळ सगळी झाली होती. खळ वाळावी म्हणून गोदामात फळ्यांवर रांगेनं उभी करून ठेवली होती. तेवढ्यात टँकरचा हॉर्न झाला. सगळ्या पळालो. नणंदेला मी सांगितलं, तू दारात बस, हलू नको. पण दुसरी घागर भरली तर सासूबाई शिव्या देणार नाहीत म्हणून तीही दार नुसतं ओढून आमच्या मागं आली. मला ती गर्दीत दिसली. मी घागर तिथंच टाकून परत पळाले.

गोदामाचं दार उघडं होतं. आत कालवड उभी होती. दोन फळ्या खाली पडलेल्या, त्यावरची कार्डं तिच्या पायांखाली, आणि तिसऱ्या फळीवरची ती खात होती. पणतीचा एक तुकडा तिच्या ओठाला चिकटला होता. नुसता कागद तिनं खाल्ला नव्हता. जिथं जिथं खळ लावली होती तिथून बरोबर ओरबाडलं होतं. खाल्लेल्या एकाही कार्डाला टेकूची पट्टी उरली नव्हती. जे खाल्लं नव्हतं त्यावर ती शेणली होती.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी मोगरी उचलली आणि तिच्या तोंडावर घातली. पुन्हा घातली. तिच्या नाकातून रक्त आलं, ती गुडघ्यावर बसली, तरी मी मारतच होते. मला ती जनावर वाटतच नव्हती. पाटोद्याचा तो पोरगा, त्याची आई, मुकादम, सासरे, सगळे तिच्या तोंडात दिसत होते.

तेवढ्यात नणंद आली. तिच्या डोक्यावरची घागर खाली पडली आणि पाणी दारात सांडलं. तिनं कालवडीच्या गळ्याला मिठी मारली.

"वैनी, नका मारू. मरंल ती."

"मरू दे. मोरचूद खाल्लंय तिनं, मी न्हाई मारली तरी मरतीच."

"न्हाई मरायची," ती रडत म्हणाली. "खळीत मोरचूद न्हाई."

मी थांबले. तिनं सगळं सांगितलं. कागदाच्या कडा कापल्या की खळ लागलेली कातरण उरायची, ती ओच्यात भरून ती रोज कालवडीला घालायची. कालवडीला विष होऊ नये म्हणून खळीत मोरचूद घालायचं तिनं पहिल्याच आठवड्यात सोडून दिलं होतं. पुडी तशीच कोनाड्यात होती. म्हणजे ह्याच पोरीनं जनावराला कार्डाची चव लावली होती.

पुढचं मी जसं झालं तसं लिहिते. मी तिचा उजवा हात मनगटाशी धरला. तो छापायच्या पाटावर ठेवला. आणि मोगरी घातली. एकच ठोका. मी ठशावर घालते तसा.

ती ओरडली नाही. ती आपल्या हाताकडं बघत बसली, ह्यात आता काय राहिलं हे तपासावं तशी. मोगरी माझ्या हातातच होती. बाहेर बायांचे आवाज ऐकू आले. त्या घागरी घेऊन दारात पोचल्या, तशी ही पोरगी त्यांना म्हणाली, "कालवडीनं माझ्या हातावर पाय दिला."

चेअरमनबाईंनी मोगरीकडं बघितलं, मग माझ्याकडं बघितलं. उरलीसुरली कार्डं त्यांनी पदरानं पुसून गोळा केली, ती निम्मीसुद्धा भरली नाहीत. कारखान्यानं छापखान्यातून कार्डं करून घेतली आणि आमची संस्था त्या दिवाळीच्या आत बंद पडली.

हाडवैद्याकडं तिला मीच नेलं. त्यानं बोटं ओढून कामट्या बांधल्या, तेव्हा मी तिचं डोकं माझ्या छातीशी दाबून धरलं होतं. तिनं माझ्या दंडाला चावून रक्त काढलं. मला बरं वाटलं. मला वाटत होतं तिनं अजून चावावं.

ऑर्डर गेली, तसं सासऱ्यांनी बोलल्याप्रमाणं हळदीचं काढलं. पाटोद्याची माणसं दिवस ठरवायला आली. पोरीचा हात बांधलेला बघून पोरग्याच्या आईनं कामट्या सोडायला लावल्या. सुजलेला पंजा उलटा-सुलटा करून बघितला. "मूठ वळव बरं," म्हणाली. पोरीला मूठ वळवता आली नाही. त्यांनी चहा प्याला आणि अर्धवट हाताची पोर कोयत्याला काय कामाची, असं आमच्या ओट्यावरच बोलून ती उठली. चार दिवसांत त्यांना तिकडचीच दुसरी पोरगी मिळाली. ती केवढी होती, तिचं पुढं काय झालं, मला माहीत नाही. त्या पोरीचा विचार माझ्या मनात येतो, तो आला की मी उठून काहीतरी काम काढते.

ती माणसं गेली त्या संध्याकाळी सासूनं मला चुलीतल्या लाकडानं मारलं. तिला कालवडीची गोष्ट पटली नव्हती. मी उलटून हात उचलला नाही, मार खाल्ला. नंतर न्हाणीपाशी बसले होते तर नणंद आली. तिनं विचारलं, "वैनी, तुमी मुद्दाम केलं ना? मी गाडीत बसू न्हाई म्हणून?"

मी म्हणाले, "हां."

तेव्हापासून तेच खरं झालं. दसरा झाल्यावर मी आणि मालक गाडीत बसलो. ती घरी राहिली आणि शाळेत जायला लागली. डाव्या हातानं लिहायला शिकली, शिकून अंगणवाडीची सेविका झाली. पंचविशीत तिचं लग्न झालं, माणूस चांगला मिळाला. उजव्या हाताची दोन बोटं तिची अजून वळत नाहीत. ठसे तिनं पुन्हा कधी कोरले नाहीत. कालवड वाचली होती, ती सासऱ्यांनी बाजारात विकली.

माझा हात मात्र त्या दिवसानंतर कुणावर उठला नाही. मालकांनी मारलं तरी मी फिरून मारलं नाही. मला तीन लेकरं झाली, मी त्यांना एक चापटसुद्धा दिली नाही. गावात लोक म्हणायला लागले, ही बाई कशी निवळली. मी म्हणायचे, वय झालं.

गेल्या वर्षी केजला बचतगटाच्या बायांचा मेळावा होता. नणंद तिथं भाषणाला उभी राहिली. लहान वयात पोरींची लग्नं करू नका, असं भाषण होतं. बोलता बोलता तिनं आपला हात वर धरला आणि सांगितलं, "मला गाडीत बसवू न्हाई म्हणून माझ्या वैनीनं काळजावर दगड ठिवून हा हात मोडला." मांडवातल्या बाया रडल्या. मला वर बोलावलं, शाल दिली, नारळ दिला, टाळ्या वाजवल्या. मी शाल घेतली. माझ्या अंगाला आग लागल्यासारखं झालं.

परत येताना आम्ही फाट्यावर उतरून गावाकडं चालत निघालो होतो. दोघीच होतो. माझ्यानं राहवेना. मी म्हणाले, "तुला एक सांगू का? मी तुला वाचवायला मारलं नव्हतं. माझी कार्डं गेली म्हणून मारलं. लग्न तर त्या वक्ती माझ्या ध्यानातसुदिक नव्हतं."

ती चालत राहिली. "माहीत हाय मला," म्हणाली.

"कवापासून?"

"मोगरी वर गेली तवापासून. तुमचं तोंड बघितलं की मी."

मला राग आला. एवढ्या वर्षांनी पहिल्यांदा मला तिचा राग आला. "मंग तवा न्हाणीपाशी तसं कावून इचारलंस? आन आज लोकांना कावून सांगितलंस?"

ती थांबली. चांगल्या हातानं तिनं माझ्या खांद्यावरची घसरलेली शाल नीट केली.

"मी चौदा वर्षांची व्हते, वैनी," ती म्हणाली. "हंगाम संपला की तुमी परत येणारच व्हता. मला तुमच्यासंगं त्याच घरात राहायचं व्हतं."